पाचवं बटण

कुंदाताईंना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, या बाईंचे हात कोणीतरी बांधून ठेवलेत. नारपोलीतल्या आमच्या केंद्राच्या दाराशी अस्लम नावाचा चोवीस वर्षांचा आडदांड मुलगा उजवा पाय डाव्या चपलेत कोंबत होता. त्याच्यासमोर पन्नाशीच्या एक ठेंगण्या बाई दोन्ही हात पाठीमागे घेऊन, ते पदराच्या टोकात गुंडाळून, शांत उभ्या होत्या. मी विशेष शिक्षणाची पदवी घेऊन त्याच दिवशी रुजू झालेली, अंगात उत्साह मावत नव्हता. धावत गेले, खाली वाकले आणि त्याच्या चपला बदलून दिल्या. अस्लम खूश झाला. कुंदाताईंनी मात्र, मी त्यांच्या ताटातली माशाची तळलेली तुकडी उचलावी तसं माझ्याकडे पाहिलं.

"बाई, आठ दिस झालं त्याला हितवर आनायला," त्या म्हणाल्या. "तुमी एका मिनटात पुन्ना पयल्या दिसावर नेला."

आमचं केंद्र म्हणजे दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि एक गॅलरी. खाली लूमचा, म्हणजे कापड विणणाऱ्या यंत्रमागांचा कारखाना, वर आम्ही. बौद्धिक अक्षमता असलेली पंधरा मोठी मुलं दिवसभर आमच्याकडे असायची. त्यांना मुलं म्हणायचं, पण काहींच्या दाढीत पांढरे केस आले होते. कुंदाताई तिथे वीस वर्षं मदतनीस होत्या. दापोड्याला, त्यांच्या गावी, शेताचं गोडाऊन झालं होतं, त्याचं भाडं यायचं, घरी सगळं सुखाचं होतं. मुलगा रोज म्हणायचा, "आई, आता घरी बस ना." त्या म्हणायच्या, "घरी बसून कोनाला शिकवू? तुला? तू तर शिकत न्हाईस." मग सुकटीची चटणी आणि भाकरी डब्यात घालून, शेअर रिक्षात बसून नारपोलीला यायच्या.

त्यांची शिकवण्याची सगळी पद्धत एका वाक्यात मावायची. "हात मागं, तोंड बंद, डोले उघडे." प्रत्येक नव्या शिक्षिकेला, पाहुण्याला, देणगी द्यायला आलेल्या शेठलासुद्धा हे वाक्य ऐकावं लागे. एकदा एका शेठजींनी कौतुकाने एका मुलाला लाडू भरवायला हात पुढे केला, तर कुंदाताई म्हणाल्या, "शेठ, हात मागं. त्याला हात हाय." शेठजींनी खरोखरच दोन्ही हात पाठीमागे नेले आणि फोटोत ते पोलिसांनी धरून आणल्यासारखे आले. तो फोटो आमच्या भिंतीवर बरेच दिवस लावलेला होता.

अशा बाईंवर एक दिवस नियम येऊन आदळला. संस्थेने ठरवलं की, ज्यांच्याकडे या कामाचं प्रमाणपत्र नाही त्यांनी ते वर्षभरात मिळवावं, नाहीतर पुढे मुलांना काही शिकवायचं नाही. झाडलोट आणि स्वयंपाक करावा. प्रमाणपत्रासाठी एका विद्यापीठाचा वर्षभराचा ऑनलाइन अभ्यासक्रम होता. पत्र मी वाचून दाखवलं. कुंदाताईंनी पगार किती, सुट्टी किती, काही विचारलं नाही. गॅलरीकडे बघत एवढंच म्हणाल्या, "म्हंजे अस्लमच्या सदऱ्याचा काय?"

अस्लमचा सदरा हे तेव्हा चालू असलेलं मोठं काम होतं. त्याची अम्मी रोज त्याला बटणं लावून द्यायची. तिला गुडघ्यांचा त्रास, शिवाय मनात एक भीती: माझ्यानंतर याचं कोण करणार? कुंदाताईंनी तिला शब्द दिला होता, "पाच बटनं हायत. पाची वो खुद लगाएगा." अस्लम एक बटण लावायचा आणि विचारायचा, "हो गया?" कुंदाताई कधीही हो किंवा नाही म्हणायच्या नाहीत. "तू बोल. हो गया क्या?" मग अस्लम मान खाली घालून आपल्याच पोटाकडे बराच वेळ तपासणी करायचा. तेव्हा तो दुसऱ्या बटणावर होता.

तर कुंदाताई कॉलेजात गेल्या, म्हणजे केंद्रातच बसून, मोबाइलवर. दहावी होऊन पस्तीस वर्षं झाली होती. पहिल्या तासाला जरीच्या काठाची साडी, केसात अबोली. स्क्रीनवर प्राध्यापक आले आणि कुंदाताई उठून उभ्या राहिल्या. मोबाइल टेबलावर डब्याला टेकवलेला. वीस मिनिटं सगळ्या वर्गाला फक्त साडीच्या निऱ्या दिसत होत्या. "कुंदाताई, आपला चेहरा दिसत नाही," प्राध्यापकांनी दोनदा सांगितलं. त्यांनी अदबीने आणखी ताठ उभं राहून उत्तर दिलं, "हाय सर, मी हितंच हाय!"

दुसरी अडचण लूमची. त्यांनी बोलायला माइक चालू केला की सगळा वर्ग कान धरायचा. प्राध्यापक म्हणाले, "ताई, तुमच्याकडे कसला आवाज येतोय?" कुंदाताईंनी इकडेतिकडे पाहिलं, खिडकीतून डोकावल्या, स्वयंपाकघरात जाऊन आल्या. "कसलाच न्हाय सर. एकदम शांत हाय." वीस वर्षांत तो खडखडाट त्यांच्या कानांना ऐकू येईनासा झाला होता. प्राध्यापकांना वाटलं ताई चेष्टा करतायत.

मी मात्र त्यांना मदत करायला उतावीळ. त्या मराठी टाइप करायला एका ओळीला दहा मिनिटं घ्यायच्या. माझा जीव वरखाली व्हायचा. एकदा न राहवून म्हटलं, "द्या इकडे, मी लिहून टाकते. कोणाला कळणार आहे?" त्यांनी मोबाइल छातीशी धरला. "बाई, हात मागं." मला राग आला. खरं सांगते, चांगलाच राग आला. दोन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतं बोलले. तिसऱ्या दिवशी त्याच माझ्याकडे आल्या, पुस्तकाच्या एका पानावर बोट ठेवून. काम छोट्या पायऱ्यांत तोडावं आणि आपली मदत हळूहळू कमी करत न्यावी, असं तिथे लिहिलं होतं, आणि त्या पद्धतीला भलंमोठं इंग्रजी नाव दिलं होतं.

"याला नाव हाय?" त्या म्हणाल्या. "मना वाटायचा मीच आलशी हाय."

शेवटच्या परीक्षेला पन्नास गुण एका व्हिडिओचे होते. एका व्यक्तीला एक कौशल्य शिकवताना दाखवायचं, दहा मिनिटांत, मध्ये कुठेही न कापता. त्यात नापास म्हणजे सगळ्यात नापास. अस्लमच्या अम्मीने आनंदाने परवानगी दिली. तोवर तो पाच बटणांपर्यंत पोचला होता, पण सगळं मिळून बारा मिनिटं लागायची. मी कागदावर हिशेब मांडला आणि उपाय काढला: चार बटणांचा सदरा आणायचा.

"त्याचा सदरा पाच बटनांचा हाय," कुंदाताई म्हणाल्या.

"मग पहिलं बटण तुम्ही आधीच लावून ठेवा."

"आनि अस्लमला काय सांगू? विद्यापीठ बोल्ला म्हून?"

चित्रीकरण मी केलं. अस्लमने पहिलं बटण लावलं, दुसरं चुकून तिसऱ्या काजात घातलं, "हो गया?" विचारलं, "तू बोल" ऐकलं, तपासणी केली, काढलं, पुन्हा लावलं. कुंदाताई बाजूला, हात पदरात. दहा मिनिटं संपली तेव्हा पाचवं बटण अर्धं काजात आणि अर्धं बाहेर होतं. तसाच व्हिडिओ त्यांनी स्वतः पाठवला. मी त्या रात्री जेवले नाही.

आठवड्याने विद्यापीठाचं उत्तर आलं: चित्रफितीत उमेदवाराने केलेलं कार्य दिसत नाही, तोंडी परीक्षेला ऑनलाइन हजर राहावं. परीक्षा नेमकी शुक्रवारी, म्हणजे आमच्या गल्लीतले लूम बंद असण्याच्या दिवशी. मला हायसं वाटलं, पण कुंदाताई बावरल्या. "बाई, कानात कायतरी झालाय. लय शांत लागतंय." त्या शांततेत त्यांना बोलायलाच सुचेना. शेवटी मी शेजारच्या खोलीत शिवणयंत्र चालवत बसले, मग त्यांचा आवाज फुटला.

दाराच्या फटीतून मला सगळं ऐकू येत होतं. परीक्षक बाई कडक होत्या. "तुम्ही दहा मिनिटं नुसत्या उभ्या आहात. या व्हिडिओत तुम्ही नक्की काय केलंत?"

"काईच न्हाय केला, मॅडम."

माझा पाय यंत्रावर थांबला.

"पन ते शिकायला मना लय वर्सं लागली," कुंदाताई म्हणाल्या. "पयले मी समद्यांची बटनं लावायचे. एक पोरगा व्हता आमच्याकडं, सा वर्सं मी त्याला भरवला, नेसवला. मंग त्याची मानसं त्याला गावाला घेऊन गेली. तिथं त्याला काय करता येत नव्हता. माझ्यामुलं. तवापासून हात बांधते."

हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. परीक्षक बाईंनी मवाळ आवाजात विचारलं, "ताई, ते पाचवं बटण लागलं का हो?"

"लागला ना! पन तुमचा टायम संपला व्हता."

निकालाच्या दिवशी सगळं केंद्र त्या एका मोबाइलभोवती जमलं. कुंदाताईंनी पासवर्ड चुकवला. पुन्हा चुकवला. त्यांचं बोट बरोबर अक्षराच्या बाजूला जाऊन पडत होतं आणि आणखी एकदा चुकलं तर खातं दिवसभर बंद होणार होतं. मला तो पासवर्ड पाठ होता. मी माझे दोन्ही हात पाठीमागे नेले, ओढणीत गुंडाळले आणि गाठ मारली. असं उभं राहणं किती कठीण असतं, ते मला त्या दिवशी कळलं. तोवर ती मला मुलांना शिकवायची एक पद्धत, एवढंच वाटत होती.

अकरा मिनिटांनी पान उघडलं. कुंदाताईंनी चष्मा पुसला, वाचलं, पुन्हा वाचलं आणि मोबाइल माझ्यासमोर धरला. त्यांच्या खांद्यावरून अस्लम डोकावला. सदऱ्याची पाचही बटणं लावलेली, सगळी आपापल्या काजात.

"हो गया?" त्याने विचारलं.

कुंदाताईंनी माझ्याकडे पाहिलं. "तुमी बोला, बाई."

डोळे पुसायला माझा हात मोकळा नव्हता. मी तशीच म्हणाले, "हो गया, अस्लम. हो गया."