पिवळ्या पट्टीच्या आतला वाढपी

वलगावच्या नत्थुजींनी आयुष्यभर पंगती जेवू घातल्या. लग्न असो की तेरवी, भाजी शिजवायची आणि मग स्वतःच बादली घेऊन ओळीत शिरायचं. त्यांच्यासमोर पहिल्या ‘नको’ला सुटलेला माणूस अख्ख्या तालुक्यात सापडायचा नाही. दर्यापूरच्या एका व्याह्यानं म्हणे दोन्ही हातांनी पत्रावळ झाकली, तर नत्थुजींनी हातांवरच बुंदी वाढली. बुंदी गरम होती की नव्हती, यावर दोन्ही गावांत अजून वाद आहे.

पुढं कपाशीची ती वाईट वर्षं आली. पीक गेलं की पहिली कात्री पंगतीलाच लागते. पाचशेंच्या पंगती पन्नासांवर आल्या, पन्नासांच्या चहा-पोह्यांवर, आणि नत्थुजींची बादली ओट्यावर पालथी पडली. हात मात्र थांबेना. बायको कौशल्या वैतागली.

“घरात दोन मानसं, आन् मले चार-चार डाव वाढून ऱ्हायले. पोट हाय का पोतं?”

तेवढ्यात अमरावतीच्या एका मॉलमध्ये, तिसऱ्या मजल्यावरच्या फूड हॉलमध्ये, तौहीदनं पिट्याचं काउंटर टाकलं. तौहीद वलगावचाच पोरगा. गोव्यात एका इस्रायली जोडप्याच्या हॉटेलात सहा वर्षं भट्टीपाशी भाजून निघाला होता. पिटा म्हणजे पोटात खिसा असलेली फुगीर रोटी. त्या खिशात हरभऱ्याचे तळलेले गोळे भरायचे आणि सोबत हुमस, म्हणजे काबुली चणे नि तीळ वाटून लोण्यासारखा केलेला लगदा. तौहीदच्या बहिणीच्या लग्नात शाकाहारी पंगत नत्थुजींनीच सांभाळली होती. त्याला त्यांची आठवण झाली.

“चाचा, तुमी या. भट्टी मी पाहतो, लोकायले खाऊ घालायचं तुमी पाहा.”

असं कोणी नत्थुजींना सांगतं का?

पहिल्या रविवारी नत्थुजींनी काउंटरवरून नजर टाकली. भोवती बारा-चौदा काउंटरं, मधे सगळ्यांची सामाईक टेबलं आणि दोनशे माणसं ओळीनं जेवायला बसलेली. याला पंगत नाही तर काय म्हणायचं? आणि पंगतीत एकही पान टाळून पुढं जायचं नसतं. त्यांनी बादलीत हुमस भरलं, डाव घेतला आणि खिडकीच्या टोकापासून सुरुवात केली.

नूडल्स खाणाऱ्या कॉलेजच्या पोरीला एक डाव. पिझ्झावाल्या जोडप्याला एकेक. डोसा खाणाऱ्या एका जाड्या साहेबांना दोन, कारण त्यांनी “अहो, अहो” म्हणत मान हलवली होती.

“हे काय आहे?” साहेब ओरडले.

“इस्रायलचं वरन समजा. घ्या न, लाजू नका. बाधत नाही.”

डोश्याचा काउंटरवाला धावत आला. “आमच्या डोश्यावर तुमचं वरन काहून?”

“मंग त्याले कोरडंच गिळू देऊ का?”

प्रकरण फूड हॉलच्या मॅनेजर आरती मॅडमकडे गेलं. मॅडम बोलत नसत, पट्ट्या चिकटवत. पिट्याच्या काउंटरपुढं त्यांनी जमिनीवर पिवळी पट्टी चिकटवली आणि तौहीदला बजावलं, “पुढच्या रविवारी यांचा पाय या पट्टीबाहेर दिसला, तर काउंटर बंद.”

तौहीदचा चेहरा उतरला. “चाचा, ती भट्टी गोव्याहून ट्रकात घालून आनली. आता घेऊन जाऊ तं कुठं जाऊ?”

नत्थुजींनी गळ्याला हात लावून शपथ घेतली.

रविवार उजाडला. तौहीदनं बादली लपवून ठेवली. नत्थुजी पट्टीच्या आत उभे, दोन्ही हात पाठीमागं बांधलेले, जणू शाळेत शिक्षा झालीय. पट्टीलगतच्या टेबलावर नऊवारीतल्या एक आजीबाई एकट्याच बसल्या होत्या. एक पिटा संपलेला, हुमस बोटानं पुसून ताटली लख्ख केलेली, आणि नजर इकडंतिकडं.

“आजी, अजून एक देऊ?”

“नको बाप्पा, बस झालं,” आजीबाईंनी ताटलीवर हात ठेवला.

बोटं फाकलेली होती!

आता बघा, बोटं जुळलेली असली की पाहुणा खरंच जेवला. फाकलेली असली की त्याला अजून आग्रह हवा. नत्थुजींची ही विद्या तीस वर्षांची. त्यांनी पट्टीकडं पाहिलं. तौहीदकडं पाहिलं. मग भट्टीतून पिटा काढायचं लांब दांड्याचं लाकडी फावडं त्यांच्या नजरेला पडलं.

फावड्यावर गरम पिटा, त्यावर हुमसचा गोळा, वर बोटभर ठेचा. फावडं काउंटरवरून सरकत गेलं आणि नेमकं आजीबाईंच्या ताटलीवर रिकामं झालं.

“घ्या आजी. भट्टीतून निघालेलं परत भट्टीत जात नाही.”

हॉल खदखदून हसला. मागच्या टेबलावरून आरोळी आली, “काकाजी, इकडंबी!” फावडं डावीकडं वळलं, उजवीकडं वळलं. गेल्या रविवारचे जाडे साहेब तर ताटली घेऊन स्वतःच फावड्याखाली आले.

आरती मॅडम टाचा वाजवत धावल्या. तौहीदनं डोळे मिटले. मॅडमनी वाकून पाय तपासले. पाय आत. उजवा अंगठा पट्टीवर होता, पण बाहेर नव्हता.

“आणि हे फावडं?”

“फावड्याले कुठं पाय असते, मॅडम?”

“काउंटर बंद म्हणजे बं–”

“काहून वं आरती?” आजीबाई तोंडातला घास संपवत म्हणाल्या. “त्याले काहून रागावतं?”

त्या जाईबाई होत्या, मॅडमच्या सासूबाई, धामणगावहून आलेल्या.

“दोन महिने झाले तुया घरी येऊन. ‘अजून घ्या’ म्हननारा हा पयला मानूस भेटला मले.”

दोनशे माणसांचं चावणं थांबलं. मॅडमचे कान असे लाल झाले की शेजारच्या तंदूरवाल्यानं आपली भट्टी चालू आहे का ते पाहिलं. मग त्या खुर्ची ओढून सासूबाईंच्या शेजारी बसल्या आणि तौहीदकडं न बघता म्हणाल्या, “पट्टी राहील. काउंटरही राहील. फावडं तेवढं मापात.”

आणि जरा घसा खाकरून, “आई, अजून एक घ्या ना.”

“नको वं,” जाईबाईंनी ताटलीवर हात ठेवला.

नत्थुजींनी लांबूनच बोटं पाहिली आणि फावडं उचललं.