संघमित्राच्या संगणकावरची दुपार

मयत : संघमित्रा, माझी सख्खी भाची, वय एकोणतीस, राहणार जानकीपुरम, लखनऊ. घटना : गेल्या महिन्यातील मंगळवार, सकाळी साडेदहा. ठिकाण : ती जेथे नोकरीस होती त्या रुग्णालयाचा इमर्जन्सी विभाग. हत्यार : सलाइनची बाटली टांगण्याचा लोखंडी स्टँड. साक्षीदार : नर्स रेखा आणि एक पहारेकरी, त्या वेळी तेथे एकच होता. मला फोन आला तेव्हा मी कचहरीच्या, म्हणजे येथल्या कोर्टाच्या, आवारात दुसऱ्याच कोणाची फिर्याद लिहीत होतो. तिच्या कानशिलाचे हाड आत गेले होते. तिसऱ्या दिवशी ती गेली…

मी अर्जनवीस. शिक्षण नववीपर्यंत, तथापि माझ्या हातचा अर्ज भाषेच्या कारणाने परत आला, असे या कचहरीत कोणी सांगू शकणार नाही. भावजी, म्हणजे संघमित्राचे वडील, सरकारी नोकरीनिमित्त नागपूरहून येथे आले, त्यांच्यामागून मी आलो. भावजींच्या छातीत कळ आली त्या दिवशी आम्ही अशाच एका इमर्जन्सीबाहेर थांबून राहिलो आणि आमची पाळी येण्याआधी ते बाकावरच गेले. मी डॉक्टरच्या केबिनची काच कोपराने फोडली. आत जो सापडला तो निव्वळ कंपाउंडर होता. त्याचे दोन दात पडेपर्यंत मी त्याला मारले. नऊ वर्षांची संघमित्रा माझा सदरा ओढत म्हणत होती, "मामा, बस करो." तिला मराठी सगळे समजे, उत्तर मात्र ती हिंदीतच देई.

मोठी होऊन तिने अशा मारामाऱ्या रोखण्याचेच काम पत्करले. संगणकाच्या पडद्यावर तिने अख्खी इमर्जन्सी उभी केली होती : पिवळे ठिपके रुग्णांचे, निळे डॉक्टर-नर्सचे, लाल नातेवाइकांचे. रुग्ण कधी येतात, किती खोळंबतात, पहारेकरी कोठे उभे करावेत, हे बदलून ती एकच दिवस पुनःपुन्हा चालवून पाही. लाल ठिपके निळ्याभोवती दाटत जात आणि निळा विझे. मला ते पाहवत नसे. ती म्हणे, "मामा, यहाँ जितनी बार चाहो लड़वा लो, किसी का सिर नहीं फूटता. इसी से पता चलेगा कि असली वाला कब रोकना है."

अडचण एकच होती. मारामाऱ्यांची नोंद रुग्णालयाकडे नव्हती. रजिस्टरात रोज "स्थिति सामान्य" एवढेच लिहिलेले. नोंद होती ती माझ्याकडे. फुटलेली डोकी, तुटलेले मनगट, जिन्यावरून ढकललेला वॉर्डबॉय… दोन्ही बाजूंचे लोक माझ्याच टेबलाशी येत आणि प्रत्येक अर्जाची प्रत मी बांधून ठेवी. तिने ते गठ्ठे मागितले आणि आपल्या साहेबांना सांगितले, "मेरे मामा का रिकॉर्ड है." माझ्या कागदांवर इंजिनिअर लोक काम करणार, या विचाराने मी दोन दिवस ताठ मानेने वावरलो. गठ्ठे नेताना तिने विचारले, "टाइम पक्का है ना, मामा?"

"अर्जनवीसाला वेळ विचारतेस?" मी म्हणालो.

"अच्छा बाबा, नहीं पूछती. आप तो सीधे हाईकोर्ट हो," ती म्हणाली आणि गठ्ठे स्कूटरवर बांधून गेली.

आता लिहितो ते शपथेवर. सकाळची घटना सकाळची म्हणून लिहिली, तर "डॉक्टर ओपीडीत व्यस्त होते" असे रुग्णालयाचे एका ओळीचे उत्तर येते आणि अर्ज निकाली निघतो. ओपीडी दोनला संपते, त्यानंतर ती पळवाट चालत नाही. म्हणून माणूस सकाळी दहा वाजता मार खाऊन आला तरी मी "दुपारी दोननंतर" असे लिहीत असे. वर्षानुवर्षे लिहिले. अर्ज त्यामुळे टिकत. तिला मात्र हे सांगितले नाही.

तिच्या पडद्यावर सगळी मारामारी दुपारी उसळली. तिच्या सल्ल्यावरून पहारेकरी दुपारपाळीत हलवले गेले, सकाळी एक उरला. काही आठवडे निभावले. मग त्या मंगळवारी अपघातातील एक तरुण स्ट्रेचरवरच मेला आणि त्याच्याबरोबरच्या माणसांनी आधी स्टूल फेकले, मग ऑक्सिजनची नळी उपटली, मग रेखाला केसांना धरून भिंतीवर आपटले. संघमित्रा वरच्या मजल्यावरून धावत आली आणि रेखाला पाठीशी घालून उभी राहिली. रेखाच्या जबड्याला अजून तारा आहेत. दातांवर दात ठेवूनच ती मला म्हणाली, "भैया, दीदी उन लोगों को नहीं, घड़ी को देख रही थीं. बोलीं, अभी तो सुबह है… तभी स्टैंड लगा."

मारणारे तुरुंगात आहेत, त्यांचे कायदा पाहील. परंतु रुग्णालयाच्या चौकशी अहवालात "मयतेने तयार केलेल्या सदोष प्रणालीमुळे" असे शब्द आहेत, आणि माझी बहीण तो कागद रोज उघडून वाचते. तिला खरे मी परवा सांगितले. ती माझ्यासमोरचे ताट उचलून आत घेऊन गेली.

सबब, वर्तमानपत्राच्या या पुरवणीच्या वाचकांसमक्ष माननीय चौकशी समितीस विनंती की, उपरोक्त शब्द अहवालातून काढावेत आणि दोष माझ्या नावे नोंदवावा. ज्या पक्षकारांना गाठता आले त्यांच्या प्रतींवर, त्यांना विचारून, खरी वेळ लाल शाईने लिहिली आहे. गठ्ठे समितीकडे जमा आहेत. त्या वेळा घालून संघमित्राचा संगणक एकदा पुन्हा चालवावा, आणि सकाळी साडेदहाला तो दारावर किती पहारेकरी मागतो, ते माझ्या बहिणीस लेखी कळवावे.