भिंतीवरची भाजीवाली

आमच्या धाकट्या मामांइतकं माणसांना मोठं करणारं दुसरं कोणी अख्ख्या मेहकरात नव्हतं. ते कुणालाही हां हां म्हणता सहा हात उंच करून ठेवत. तंबूतल्या टॉकीजचे बोर्ड रंगवण्यावर त्यांचं पोट चाले, पण नट-नट्यांवर त्यांचा रागच होता. "यायले काऊन मोठं करू? हे आंधीच मोठे हायेत," म्हणत त्यांनी एकदा हिरोच्या कानाशी आमचा पिठाच्या गिरणीवाला घुसवला. गिरणीवाला सहकुटुंब तिकिटं काढून गेला आणि आपण पडद्यावर कधी येतो याची खेळ संपेपर्यंत वाट पाहत बसला.

"ज्याचं थोबाड भिंतीवर मोठं झालं, त्याले कोनी 'ए' म्हनत नाही," हे मामांचं सगळं तत्त्वज्ञान. मी नुकताच मास्तर झालेलो, पोरांना 'ए' म्हणूनच हाक मारायचो, म्हणून मला ते जास्तच ऐकावं लागे. वैद्यांनी मामांना जीभ दाखवायला सांगितली, तरी ती आत घेतल्याबरोबर त्यांचं पुढचं वाक्य सुरू.

बाजाराच्या दिवशी एका गोदामाच्या भिंतीखाली एक विधवा वांगी विकायला बसे. "ए बाई, सरक" ऐकत दुपारपर्यंत ती नालीशी पोचे आणि अर्धी वांगी घरी परत नेई. मामांनी टॉकीजचा सगळा रंग त्या भिंतीवर ओतून तिला रंगवली. डोकं छपराला टेकलेलं, हातात गदेसारखं वांगं. लाजेनं ती दोन बाजार मामांशी बोलली नाही. पण गिऱ्हाइकं चित्र बघून तिलाच शोधत येऊ लागली. शेजारचे "मावशी, जरा सरकता का?" विचारू लागले आणि ती "नाही" म्हणायला शिकली.

तीनेक वर्षांनी गोदामवाल्याच्या घरी लग्न निघालं आणि भिंतीला चुना द्यायला माणसं आली. मामा हात पसरून आडवे आले. वांगी तोलता तोलता, मान वर न करताच बाई म्हणाली, "मारू द्या चुना, दादा. मले कोन उठवते आता?"

मामांचे हात खाली आले. अर्ध्या तासात भिंत पांढरी झाली. बाई जागची हलली नाही. मला मामांची फार दया आली.

घरी येताना मी विचारलं, "वाईट वाटलं का, मामा?"

"तिचं बराबर हाये," ते म्हणाले. कोपऱ्यावर थांबून त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं.

"पन नाक लय मस्त जमलं होतं बे."