मेलबॉक्समध्ये अडकलेले आप्पांचे गुलाब

मंडळी, आज ऑफिसात मी चक्क टाळ्या वाजवल्या!

कुरकुंभच्या एका कंपनीत मी डिस्पॅच बघते. माझा मेल इतका स्लो, की उघडायला लावायचा आणि चहा पिऊन यायचं. आज तर माल भरलेला ट्रक गेटवर उभा आणि ज्याच्याशिवाय तो सोडता येत नाही, तो मालाचा टेस्ट रिपोर्ट मेलमध्ये. ड्रायव्हरचा हॉर्नवर हॉर्न!

शेवटी वैतागून सगळे मेल साइजप्रमाणे लावले. सगळ्यात वर कोण? स्टोअरचे आप्पा! आमच्याकडे मोबाईल गेटवरच जमा होतो, म्हणून आप्पा रोज ऑफिसच्या मेलवरच 'शुभ सकाळ' पाठवतात. गुलाब, उगवता सूर्य, भीमजयंतीच्या शुभेच्छा. एकेक फोटो हा एवढा जड!

इंटरकॉमवर घाबरतच विचारलं, "आप्पा, तुमचे गुलाब काढून टाकू का?"

"काढ की पोरी, जुनं झालं ते. उद्या ताजं पाठवतो."

सगळे उडवले, ट्रॅशही रिकामा केला. मेल फटक्यात उघडला, रिपोर्ट मिळाला, ट्रक गेला. तेव्हाच त्या टाळ्या!

आप्पांना मात्र उद्यापर्यंत दम निघाला नाही. निघताना पाहिलं तर नवा मेल: "मेल फास्ट झाला म्हणं. अभिनंदन!" खाली भलामोठा गुलाब.

खरं सांगा, हा डिलीट करायला तुमचा हात धजला असता?