काजळीचे गुडघे

घोडीचं शिंगरू पुढे पांढरं होणार की नाही, हे आमच्या भागात छातीठोकपणे सांगणारा माणूस एकच, म्हस्कूतात्या. शिर्सुफळच्या अलीकडे आमची वस्ती, तिथे त्यांचं घर माझ्या घराला लागून. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणात उतरणारं धनगराचं घर ते. सगळं बिऱ्हाड घोडीच्या पाठीवर, त्यामुळे घोड्यांशी त्यांची जन्माची गाठ.

माळेगावहून, इंदापूरहून लोक टेम्पोत शिंगरं घालून आणायचे. वरातीला पांढरीच घोडी लागते, त्यामुळे सगळ्यांना आधीच जाणून घ्यायचं असायचं. तात्या आधी आईबापाचं विचारायचे. दोघांतलं एकही पांढरं नसेल तर शिंगराकडे बघायचेसुद्धा नाहीत, चहा पाजून परत पाठवायचे. असेल तर शिंगराचं तोंड उन्हाकडे करायचे, अंगठ्याने पापणी हलकेच वर घ्यायचे. "ह्यो बघा पांढरा केस. डोळ्यापासनं सुरू हुतं. सा-सात वर्सांत दुधागत हुईल." आणि वर एक तंबी, "उंदरावाणी मळकट जन्मलेलं शिंगरू काळं ऱ्हातं. जन्मताच काळं कुळकुळीत असलं तर फसू नगा."

तात्या एकदाच चुकले. त्या एका चुकीचा मला अजून राग येतो. थोडा त्यांचा, बराचसा माझा.

त्यांची तांबडी घोडी नव्वद सालच्या वैशाखात व्याली. शिंगरू काळं कुळकुळीत. तात्यांचा मुलगा बिरू तेव्हा एकोणीस वर्षांचा. शिंगरू मादी, म्हणजे शिंगी, त्यानेच तिचं नाव काजळी ठेवलं. माळेगावच्या मोहनरावांकडे एक काळा घोडा होता, तात्यांनी तांबडी फळवायला त्यालाच दाखवली होती. ठरलं असं होतं, की शिंगरू काळं राहणार असेल तर ते मोहनरावांनी न्यायचं, त्यांना काळी जोडी करायची होती. दुसऱ्याच्या शिंगराला उन्हात धरणारे तात्या घरच्या शिंगरापुढे मात्र नुसते मिशीवर हात फिरवत बसले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

दिवाळी झाल्यावर मोहनराव काजळीला न्यायला आले. पंधरा-वीस माणसं जमलेली, मीही होतो.

"तात्या, काळी राहणार ना?"

"काळी म्हंजी? शब्द देतो. आई तांबडी, बाप तुमचा काळा. पांढरं येईल कुठनं?"

आणि बिरू मधेच बोलला. "तात्या, पापणी बघा की तिची. पांढरी हुणार ही."

हसू फुटलं. तात्यांचा चेहरा उतरला. "अंड्यानं कोंबडीला शिकवू ने."

"मागल्या साली कोकणातनं येताना जेजुरीपाशी तांबडीनं दावं तोडलं व्हतं. बँडवाल्यांच्या पांढऱ्या घोड्यापाशी घावली मला. भ्यालो म्हणून बोललो न्हाय."

खरं तर तिथेच सगळं उलगडलं होतं. तात्यांनी दोन पावलं टाकून पापणी वर केली असती तर भांडण मिटलं असतं. त्यांनी दोन पावलं टाकली आणि बिरूच्या थोबाडीत मारली. सगळ्यांदेखत.

बिरू रडला नाही. एवढंच म्हणाला, "पांढरीफेक झाली की तुमच्या दारात आणून हुबी करतो. तवर तोंड दावायचो न्हाय." सकाळी खुंट्याला काजळी नव्हती आणि घरात बिरू नव्हता.

मोहनरावांनी शिंगीचा विषयही काढला नाही, पोरगं शोधा म्हणाले. तात्यांनी शोध शोध शोधला. त्या वर्षी मेंढरं भावाबरोबर पाठवली, स्वतः अकलूजचा घोडेबाजार पालथा घातला, नंतर जत्रा, आठवडी बाजार, गुऱ्हाळं. प्रत्येकाला विचारणं एकच. "काळी घोडी, मानंला उजवीकडं केसांचा भोवरा. संगं पोरगं हाय." घोडी आधी, पोरगं मागून. माझ्या कानाला ते कधी खटकलं नाही.

मी तेव्हा बारामती डेपोत कंडक्टर होतो. पंचाण्णवच्या वैशाखात इंदापूरच्या फेरीवर निमगाव केतकीपाशी वरात आडवी आली. गाडी थांबली. पांढरी घोडी, वर मुंडावळ्यांतला नवरदेव, आणि लगाम धरून पाठमोरा एक उंच माणूस. डोक्याला बँडचा फेटा. त्याचा एक हात घोडीच्या मानेवर, उजवीकडे. बिरू तांबडीला पाण्यावर न्यायचा तो तस्साच. मी दाराशी आलो. पण खाली उतरायचं म्हणजे साठ माणसं खोळंबणार, ड्रायव्हर बोंबलणार. वाट मोकळी झाली आणि मीच घंटी मारली. आयुष्यात हजारो वेळा मारली असेल, पण ही एक घंटी अजून कानातून जात नाही.

ड्यूटी संपली तसा थेट तात्यांकडे गेलो. मानेवरच्या हाताचं ऐकताना ते उभेच राहिले, पायताण शोधायला लागले. धोंडाबाई, त्यांची बायको, चुलीपुढून उठून आली. मग तात्यांनी विचारलं, "घोडी कंच्या रंगाची?"

"पांढरी. पायाकडं जरा राखी."

तात्या पुन्हा खाली बसले. "मग न्हाय. आपली काळी हाय."

"जाऊन तर या," धोंडाबाई म्हणाली.

"पांढऱ्या घोडीमागं कशाला जाऊ? माझा शब्द हाय, ती काळीच असणार."

मला बिरूचं बोलणं आठवत होतं. पण इतक्या जाणत्या माणसाला शिकवायचं कोणी? मान हलवली, चहा प्यालो, घरी आलो. दुसऱ्या दिवशी त्याच फेरीवर होतो, तेव्हाही निमगावात उतरून विचारलं नाही.

सत्त्याण्णवच्या श्रावणात एक माणूस पांढरी घोडी चालवत वस्तीवर आला. जोतीराम, इंदापूरच्या बँडात क्लॅरोनेट वाजवायचा. "म्हस्कू धनगराचं घर हेच का?" म्हणाला. तात्या पुढे झाले. घोडीच्या मानेला उजवीकडे भोवरा होता. रंग बदलतो, भोवरा बदलत नाही. तात्यांनी त्यावर बोट ठेवलं आणि ते उचललंच नाही.

"पोरगं कुठं हाय?" धोंडाबाईने विचारलं.

जोतीराम खाली बघत सांगत गेला. बिरू सहा वर्षं त्यांच्यात होता. घरचं काही बोलायचा नाही. आषाढात कावीळ झाली, अंगात मुरली. शेवटच्या दोन दिवसांत वस्तीचं नाव सांगितलं, घोडी तात्यांकडे पोचवा म्हणाला. निरोप धाडायला सवडच मिळाली नाही. बँडवाल्यांनीच सगळं केलं.

"इतक्या जवळ व्हता," तात्या म्हणाले, "मग आला का न्हाय?"

"आमी लई म्हणायचो, जा म्हणून. त्यो म्हणायचा, गुडघं ऱ्हायल्यात."

आम्ही सगळ्यांनी खाली बघितलं. काजळी अंगभर पांढरी झाली होती. फक्त पुढचे दोन गुडघे अजून काळपट होते, राखेचा हात लागल्यासारखे.

"गुडघं पांढरं झालं की जातो म्हणायचा. दर दसऱ्याला बसून बघायचा."

धोंडाबाई मोठ्याने रडली नाही. नवऱ्याकडे वळून तिने जे म्हटलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. "मी पोरगं हुडका म्हणत व्हते. तुमी घोडी हुडकत बसला."

त्यानंतर तात्यांनी एकाही शिंगराची पापणी वर केली नाही. कुणी टेम्पो घेऊन आलंच तर म्हणायचे, "सांगणारा गेला." मेंढरं भावाला देऊन टाकली. काजळीला वरातीला कधी धाडलं नाही, पाठीवर ओझंही टाकलं नाही. रोज सकाळी बादली घेऊन तिच्यापुढे बसायचे आणि गुडघे धुवायचे. धुऊन काही रंग जात नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? धोंडाबाई एकदा म्हणाली, "चोळून काय हुतंय?" ते म्हणाले, "हुतंय न्हाय. बघतुया."

दोन वर्षं असंच चाललं. नव्व्याण्णवच्या दसऱ्याला मी आपट्याची पानं द्यायला गेलो, तर तात्यांनी मला हाताला धरून अंगणात नेलं. काजळीला उन्हात उभी केली होती. ते तिच्यापुढे बसले, डोळे बारीक करून गुडघ्यांचा केस न् केस बोटांनी उलटा केला. आधी उजवा, मग डावा. बराच वेळ गेला. मग तिचं तोंड खाली घेतलं आणि अंगठ्याने पापणी वर केली. नऊ वर्षांपूर्वी करायची राहिलेली.

"एक काळा केस न्हाय, दादासो."

त्यांनी मान वळवून वस्तीवर येणाऱ्या रस्त्याकडे बघितलं. नऊ वर्षांपूर्वी पंधरा-वीस माणसांत जे म्हणायला हवं होतं, ते माझ्या एकट्यापुढे, पण चारचौघांत सांगावं तसं मोठ्याने म्हणाले.

"पोरगं बराबर व्हतं. आज यायचा व्हता त्यो."