वहिनीचं घडीचं स्टूल

आयसीयूतून इंटरकॉम आला तेव्हा मी एका गृहस्थांना त्यांचा क्लेम का अडकलाय ते समजावत होते. ठाण्यातल्या एका खासगी हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कवर मी काम करते. "मॅडम, तुम्ही वर या," एवढंच सिस्टर म्हणाली आणि मला कळलं. मंदावहिनी गेली. माझ्या थोरल्या भावाची बायको. मी धावत वर पोचले तोवर तिच्या नळ्या काढून झाल्या होत्या.

वहिनी पालिकेच्या रुग्णालयात नर्स होती. जनरल वॉर्डातच तिचे केस पांढरे झाले. ती सरकारी, मी खासगी, त्यामुळे कल्याणच्या घरी रविवारचं जेवण वादाशिवाय पचायचंच नाही. तिच्या वॉर्डात फिरणाऱ्या मांजरांवरून मी तिला छेडायचे. ती पोळ्या लाटता लाटता म्हणायची, "आणि तुमच्याकडे, वन्सं? आधी कार्ड दाखवा, मग कण्हा!" एरवी मी शुभा; वाद चढला की वन्सं. "तुमच्याकडे बरं व्हायला ऐपत लागते गं. आमच्याकडे नुसतं आजारी असलं की पुरे." "आणि व्हेंटिलेटर?" मी विचारायचे. त्यावर मात्र ती नुसती पोळी उलटायची...

तिच्या वॉर्डात तिनेच पाडलेली एक रीत होती. नवा पेशंट आला की त्याच्या नातेवाइकांना ती शेजारच्या खाटेच्या नातेवाइकांसमोर उभं करायची. "तुम्ही जेवायला गेलात की ह्या बघतील. ह्या गेल्या की तुम्ही. सलाइन संपत आलं की मला हाक मारायची. ओळख नाही? आता झाली." नर्स कमी, पेशंट फार, त्यातून काढलेली ही वाट. मला तो निव्वळ गलथानपणा वाटायचा. निवृत्त झाल्यावरही ओळखीचं कुणी आजारी पडलं की ती पिशवीत निळं घडीचं स्टूल घालून निघायची. वॉर्डात बसायला काही मिळत नाही, हे तिला वेगळं सांगायची गरज नव्हती.

न्यूमोनियाने तिची छाती भरली तेव्हा दादाने तिला तिच्याच रुग्णालयात नेलं. तसं तिने बजावूनच ठेवलं होतं. पण आयसीयूत जागा नव्हती. तिच्या हाताखाली शिकलेल्या सिस्टर रडत होत्या. डॉक्टरांनी हात जोडले. "सिस्टर, इथे ठेवून घेतलं तर..." स्ट्रेचरवरून वहिनीने मान वळवून आपल्या वॉर्डाच्या दाराकडे पाहिलं. मग अ‍ॅम्ब्युलन्स ठाण्याला निघाली, माझ्या हॉस्पिटलकडे.

आमच्याकडे काही कमी पडलं नाही, हे लिहायलाच हवं. मशीन होतं, डॉक्टर चांगले होते. फक्त जवळ बसायची परवानगी नव्हती. दादा स्टूल घेऊन आला तर वॉचमनने दारातच अडवलं. "काका, संध्याकाळी पाच मिनिटं, एकच जण. स्टूल नाय चालणार." मग माझ्याकडे बघून ओशाळला. "मॅडम, तुम्हाला तर रूल माहितीये." माहीत होता. तो का लागतो, हेही माहीत होतं. दादा स्टूल काखेत धरून काचेबाहेर उभा राहिला.

शेवटच्या भेटीत वहिनीने मास्क जरा सरकवून विचारलं, "शेजारी कोण आहे गं?"

"पडदा आहे, वहिनी. दिसत नाही."

"दिवसभर कण्हतंय कुणीतरी... त्यांचं माणूस आलंय का, बघ ना."

मी पडद्यापर्यंत गेले, तर सिस्टरने हळूच थांबवलं. परत वळले तोवर भेटीची वेळ संपली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी गेली. जिने आपल्या वॉर्डात कुणाच्या खाटेपाशी माणूस नाही असं होऊ दिलं नाही, ती एकटी गेली. नवरा खाली बाकावर, नणंद खाली टेबलाशी. आमच्या वादात कोण जिंकलं ते मला विचारू नका. तिच्या वॉर्डातली माणसं आणि माझ्याकडचं मशीन मला एकाच खाटेपाशी हवं होतं. एवढं मागणं फार होतं का? काळीज तुटतं हो... दुसरं काही सुचत नाही.

परवा संध्याकाळी कल्याणला गेले. दार लोटलेलंच होतं. आतल्या खोलीत वहिनीच्या पलंगावर धुतलेली चादर घातलेली, आणि पलंगाला लावून निळं स्टूल उघडून दादा बसलेला. दिवासुद्धा लावला नव्हता.

"दादा, अरे बाहेर खुर्ची आहे ना. पाठ दुखेल."

तो उठला नाही. चादरीवरून हात फिरवत म्हणाला, "तिथे बसू दिलं नाही ना गं, शुभे... बसतो थोडा वेळ."