'नि.' म्हणजे निजलेलं

नखमामांच्या उजव्या अंगठ्याचं नख चांगलं लांब वाढलेलं असायचं, आणि त्यावरून त्यांची बायको त्यांना चारचौघांत ऐकवायची. "या वयात नवरीची हौस," म्हणायची. मामा तिकडे लक्ष द्यायचे नाहीत. ते नख म्हणजे त्यांचं हत्यार होतं. वनसंशोधन केंद्राच्या रोपवाटिकेत सव्वीस वर्षं त्यांनी त्याच नखानं रोपं तपासली. खोडाची साल एवढीशी खरवडायची. खाली हिरवं दिसलं तर रोप जिवंत, तपकिरी दिसलं तर संपलं. पानांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. पानं माणसांसारखीच, वाईट दिवस आले की आधी तीच गळतात, हे त्यांचं वाक्य ऐकून सगळ्यांचे कान किटले होते.

केंद्रानं त्या वर्षी एक प्रश्न हाती घेतला होता. नदीकाठची सखल जमीन, जिथे चार-चार महिने पाणी साचतं, तिथे कुठलं झाड लावायचं? मामांच्या मनात उत्तर तयार होतं. घनदाट जंगलातल्या पाणथळ खळग्यांत वाढणारं एक झाड होतं. त्याचं शास्त्रीय नाव मामांच्या जिभेवर कधी बसलं नाही, ते त्याला 'हट्टी' म्हणायचे. आसपास एकच हट्टी उरला होता, रस्त्याच्या कडेला. रस्ता रुंद करायचा म्हणून तो तोडला, त्याच्या आधी दोन हंगाम मामांनी त्याच्याखाली गुडघ्यांवर रांगून बिया वेचल्या होत्या. त्यातून तीनशे तेरा रोपं उभी राहिली. ती तगली तर नदीकाठ हट्टीचा, नाहीतर हट्टीचं नावच संपलं.

रोपं सिमेंटच्या टाक्यांत ठेवली. मातीवर चार बोटं पाणी, डोक्यावर दुहेरी हिरवी जाळी, म्हणजे जंगलाच्या तळाशी असतो तेवढाच अंधार. महिन्याभरात पानं पिवळी पडली, दुसऱ्या महिन्यात गळून गेली. बघणाऱ्याला वाटावं, काड्या खोचून ठेवल्यात. पण मामा वाकून बुंध्याशी बघायचे. पाण्याच्या रेषेला खोड सुजलं होतं, सालीवर पांढरे फोड आले होते आणि त्यांतून नवी बारीक मुळं फुटून वरच्या पाण्यात पसरत होती, जिथे थोडीतरी हवा असते. मुळांना श्वास नाही, वर ऊन नाही म्हणजे पोटाला अन्न नाही. अशा वेळी शहाणं रोप काय करतं? काही करत नाही. वाढ थांबवतं, साठवलेलं पुरवून पुरवून खातं आणि वाट बघतं. नोकरीत कायम होण्यासाठी मामांनी एकोणीस वर्षं काढली होती, त्यांना हे कुणी शिकवायची गरज नव्हती.

आता नोंदवहीचं बघा. जुन्या साहेबांनी आखलेला रकाना बोटाएवढा अरुंद. मामा पहिल्या वर्षी सविस्तर लिहायला लागले, तर साहेब म्हणाले, "कादंबरी नको, दोन अक्षरं पुरे." तेव्हापासून 'जि.' म्हणजे जिवंत, 'नि.' म्हणजे निजलेलं, 'मे.' म्हणजे मेलेलं. साहेबांना कळायचं, मामांना कळायचं. साहेब निवृत्त झाले, हारतुरे घेऊन गेले, आणि ही दोन माणसांची भाषा कुणाला सांगायची राहून गेली. मामांनाही सांगावंसं वाटलं नाही. सव्वीस वर्षं जे चाललंय ते कोण विचारणार?

नव्या मॅडम आल्या. हुशार, कष्टाळू; वाईट बाई मुळीच नव्हे. तेवढ्यात मामांच्या बायकोचं पित्ताशयाच्या खड्यांचं ऑपरेशन निघालं. मामांचा पाय निघेना. "नऊ दिवसांत तुमची रोपं काही मरत नाहीत," बायको म्हणाली. मामा गेले.

दहाव्या दिवशी आले तर टाक्या रिकाम्या, घासून पुसून उपड्या घातलेल्या. मामा थेट मागच्या खतखड्ड्याकडे चालू लागले. पालापाचोळ्यात काड्यांची जुडगी पडली होती. खड्डा आतून तापला होता. त्यांनी हातानं उपसायला सुरुवात केली आणि एकेक काडी नखानं खरवडत गेले. तपकिरी. तपकिरी. वरच्या थरातली एक हिरवी निघाली.

मॅडम धावत आल्या. "मामा, अहो हात भाजेल. ती निर्जीव रोपं आहेत, तुम्हीच लिहिलंय. दोनशे नव्वद नि."

"निजलेली, मॅडम."

मॅडम हळूच म्हणाल्या, "आणि ते मे.?"

"मेलेली. तेवीस."

"मला वाटलं, मे महिन्यात लावलेली."

मामा हसले. असं हसू कुणाच्या वाट्याला येऊ नये. मग त्यांनी खरवडलेली काडी पुढे केली. मॅडमनी ती हातात घेतली. अहवाल तीन दिवसांपूर्वीच वर गेला होता: हे झाड साचलेल्या पाण्यात टिकत नाही.

"परत मागवा," मामा म्हणाले.

"कारण काय लिहू? जिवंत रोपं आम्ही खड्ड्यात टाकली, असं? माझीही नोकरी जाईल, तुमचीही. वर्षभरावर पेन्शन आलीये तुमची." आवाज उतरला होता त्यांचा. "पुढच्या वर्षी पुन्हा करू ना, मामा. नवीन बी आणू."

"कुठून?" मामांनी विचारलं. "झाडावरून आता गाड्या जातात."

अहवाल वरच राहिला. त्या अक्षरांचा अर्थ आपण कुणाला सांगितला नाही, हे मामांना पुढे फार बोचलं. रकाना अरुंद होता, पण तोंड तर अरुंद नव्हतं. एकदा सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

वरच्या थरातली एकतीस रोपं त्यांनी ताज्या मातीत लावली. चार महिने पाण्यात जी मेली नव्हती, ती आठवडाभराच्या उष्णतेनं आतून शिजली होती. रोज सकाळी मामा नख लावायचे आणि रोज दोन-चार तपकिरी निघायची. मॅडमनी स्वतः नवी वही आखून दिली, चांगला ऐसपैस रकाना. अपराधी माणूस असाच काहीतरी छान करून देतो. पाचव्या आठवड्यात शेवटचं रोप उरलं. मामांनी त्याची साल खाली वर, चारी बाजूंनी खरवडली. मग वही उघडली आणि पूर्ण शब्द लिहिला: मेलं. जागा भरपूर शिल्लक राहिली.

घरी आल्यावर त्यांनी बायकोकडे नेलकटर मागितलं.

"आज कसं काय सुचलं?" तिनं विचारलं.

"आता काय खरवडायचंय," मामा म्हणाले आणि अंगठा पुढे करून बसले.